डाव्या पंखाला लागलेला नारळ

मी काय काम करते हे घडियाळी पोळ या आमच्या जुन्या गल्लीतल्या नातेवाइकांना समजावून सांगणं मी आता सोडून दिलं आहे. पूर्वी सांगायचे. म्हणायचे, सैन्यात जी पोरं-पोरी पहिल्यांदा विमान चालवायला शिकतात, त्यांच्यासाठी एक छोटं, हलकं विमान असतं. दोघांनी शेजारी शेजारी बसायचं, डावीकडे शिकणारा, उजवीकडे शिकवणारा. त्याचे पंख आमच्या मकरपुऱ्याच्या शेडमध्ये तयार होतात आणि ते नीट झालेत की नाही हे तपासणं माझं काम. इथपर्यंत सगळे कौतुकानं ऐकायचे. मग कोणीतरी विचारायचं, एवढा पत्रा कुठून आणता? मी म्हणायचे, पत्रा नसतोच, कापड असतं. तिथे माझी अब्रू जायची.

कापड म्हणजे कार्बनच्या आणि काचेच्या धाग्यांचं कापड. चिकट रेझिनमध्ये भिजलेलं येतं, फ्रीजरमध्ये ठेवावं लागतं. साच्यावर त्याचे एकावर एक थर द्यायचे, मध्ये फोम घालायचा, वरून पिशवी चढवून आतली हवा ओढून घ्यायची आणि भल्यामोठ्या ओव्हनमध्ये भाजायचं. बाहेर येतं ते लोखंडाला लाजवेल असं मजबूत आणि उचलायला हलकं असतं. हे सगळं मी एकदा एका लग्नात हातवारे करून सांगितलं. मावशीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि शेजारणीला सांगितलं की कापड, डिंक आणि भट्टी, नानखटाईसारखंच आहे. त्यात माझी पहिली नोकरी फायबरच्या पाण्याच्या टाक्या करणाऱ्या कारखान्यातली. त्यामुळे पोळात आजही माझी ओळख अशी आहे की आधी टाक्या करायची, आता टाकीला पंख लावते.

माझी बाजू घेणारा एकच माणूस होता, तो म्हणजे बाबा. बाबा शाळामास्तर. सगळी हयात गणित आणि संस्कृत शिकवण्यात गेली. आई गेल्यावर पोळातलं भाड्याचं घर सोडून ते आमच्याकडे हरणीला राहायला आले, आणि आमच्या गॅलरीतून उतरणारी विमानं दिसतात हे कळल्यापासून त्यांची खुर्ची तिथेच. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं ते स्वतःच पुढे ढकलत आलेले. वरून काही घरघरलं की मला हाक मारायचे, हे तुमचं का गं? मी सांगायचे, नाही बाबा, हे मुंबईचं प्रवासी. ते म्हणायचे, बराबर, आवाजच जाडा आहे.

रात्री जेवताना मी शेडचं पुराण लावायचे. नवरा रेल्वेत, तो दिवसभर इंजिनांबद्दल ऐकून विटलेला असायचा, त्यामुळे माझं सगळं बाबाच ऐकायचे, तेही वर्गातल्या हुशार मुलासारखं, प्रश्न विचारत. मी त्यांना सांगितलं होतं की आमच्या विमानाची एक मोठी खोड आहे. धातूच्या पत्र्याला काही लागलं की पोचा येतो, आंधळ्यालाही कळतं. आमच्या पंखाला काही लागलं तर वरून एक ओरखडासुद्धा दिसत नाही, पण आतले थर एकमेकांपासून सुटलेले असू शकतात. लागलं तरी दाखवायचं नाही, असा त्याचा स्वभाव. बाबांसारखाच. बाबा एकदा बाथरूममध्ये पडले आणि दोन दिवस सगळ्यांना सांगत राहिले की चप्पल घट्ट झाली आहे. पाऊल भोपळ्याएवढं सुजल्यावर आम्हाला पत्ता लागला.

म्हणून आमच्या शेडमध्ये दारातच मोठा बोर्ड आहे, गुजराती आणि हिंदीत. काही पडलं, आपटलं, लागलं तर लगेच सांगा, कोणी रागावणार नाही. हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, हा बोर्ड आमच्या शाळेत हवा होता. आणि तपासतेस कशी, म्हणाले. मी म्हटलं, मशीन आहे, सोनोग्राफीच करतो पंखाची, पण त्याआधी साध्या नाण्यानं वाजवून बघतो. थर धड असले तर टणटणीत आवाज येतो, सुटले असले तर भदभदीत. त्यावर बाबांनी पाण्याचा माठ, जेवणाचं टेबल आणि जावयाचं टिफिन, सगळं चमच्यानं वाजवून पाहिलं. टेबल नापास झालं.

पण हे पंख डोळ्यांनी बघायला मात्र त्यांना मिळत नव्हते. सैन्याचं काम, त्यामुळे आमच्या शेडमध्ये पाहुण्यांना मज्जाव. पोळात लोक विचारायचे, मास्तर, तुम्ही पाहिलंय का हे प्लास्टिकचं विमान? आणि बाबांना नाही म्हणावं लागायचं. त्यांना ते फार लागायचं. दाखवायचे नाहीत, पण मला कळायचं.

मग दसरा आला. दसऱ्याला शेडमध्ये पूजा असते आणि त्या दिवशी पुढच्या भागात घरच्या माणसांना यायची परवानगी असते. दरवर्षी पूजा सांगणाऱ्या महाराजांनी त्या वर्षी इतक्या कारखान्यांच्या सुपाऱ्या घेतल्या होत्या की आमच्याकडे ते दुपारी उगवणार होते, आणि आमच्या शेठना मुहूर्त सकाळचा हवा होता. बाबा नातेवाइकांकडे हौसेनं सत्यनारायण सांगतात हे शेठना माझ्याकडूनच कधीतरी कळलेलं. त्यांनी सरळ घरी फोन लावला. "दादा, आ वखते पूजा तमारा हाथे ज," एवढंच म्हणाले, म्हणजे या वेळची पूजा तुमच्याच हातून. बाबांनी फोन ठेवला, कपाटातून पणजोबांची जरीची टोपी काढली आणि मला म्हणाले, चल, नारळ घ्यायचाय.

पणजोबा संस्थानच्या काळात सरकारी फडावर, म्हणजे कचेरीत, होते. दसऱ्याला शस्त्रपूजेच्या वेळी ते मागच्या रांगेत कुठेतरी उभे असत अशी आमच्या घराण्याची ख्याती आहे. ती टोपी त्या रांगेतली. त्यामुळे बाबांच्या दृष्टीनं आपल्या घराण्याला सरकारी शस्त्रपूजेत आज पुढची रांग मिळत होती. लहरीपुऱ्यात त्यांनी दुकानातले सगळे नारळ एकेक करून कानाशी हलवले, टिचकीनं वाजवले, शेंड्या मोजल्यासारख्या तपासल्या आणि मध्ये मध्ये दुकानदाराला सांगत राहिले की हा साधासुधा नारळ नाही, विमानाचा आहे. शेवटी तो बिचारा म्हणाला, काका, नाळियेर लो छो के विमान?

इकडे मी पूजेची नियमावली करत होते. शेठ म्हणायचे, बेन, देव आवे छे के इन्स्पेक्टर? पण मी ऐकलं नाही. पंखाला हळदकुंकू लावायचं नाही, तेलकट डाग बसला तर पुढचा थर धरत नाही. स्वस्तिक काढायचं ते पंखावर अंथरलेल्या प्लॅस्टिकवर. ज्योत लावायची नाही, आत पेट घेणारं सॉल्व्हंट असतं, म्हणून बॅटरीवरची समई. पाणी शिंपडायचं नाही. फाफडा-जलेबी बाहेर मांडवात खायची आणि साबणानं हात धुतल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. नारळ फोडायचा तो दाराबाहेर, दगडावर. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, देवालाही हातमोजे घालायला सांग. पण मास्तर असल्यामुळे नियम त्यांना आवडतात. त्यांनी सगळे पाठ केले.

नियमावली निर्दोष होती. फक्त नारळ फोडण्याआधी तो ओवाळायचा असतो, हे माझ्या डोक्यात आलं नाही. लहानपणापासून पाहत आलेली गोष्ट नियमात लिहायचं कोणाला सुचतं?

दसऱ्याच्या सकाळी अर्धी शेड लंगडत होती. नऊ रात्री गरबा खेळून आमच्या मुलांच्या पोटऱ्या लाकडासारख्या झालेल्या असतात, त्या दिवशी त्यांच्याकडून फक्त प्रसाद खाऊन घ्यायचा. बाबा धोतर, कोट आणि जरीच्या टोपीत आले. आत जायच्या आधी नियमाप्रमाणे बुटांवर प्लॅस्टिकचे मोजे आणि केसांवर जाळी. टोपी काढायला ते तयार होईनात. शेवटी जाळी टोपीवर चढवली. पणजोबांचं घराणं असं प्लॅस्टिकच्या जाळीतून पुढच्या रांगेत पोचलं.

पंख लाकडी घोड्यांवर आडवा ठेवला होता, पांढराशुभ्र, रंग देऊन झालेला. आठवड्याभरात जायचा होता. बाबा त्याच्यापाशी गेले आणि लहान मुलाचा ताप बघावा तसा त्यांनी हाताचा पालथा पंजा त्याला लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग विचारलं, हा कुठला, डावा का उजवा? मी सांगितलं, डावा. ते म्हणाले, म्हणजे शिकणारं पोर ह्या अंगाला बसणार. मी हो म्हटलं. त्यांनी मान डोलावली आणि पूजेला बसले.

पूजा सुरेख झाली. शेठनी डोळे मिटून हात जोडले, मुलांनी स्पीकरवर आरती लावली आणि सवयीनं दोघातिघांचे पाय गरब्यात पडायला लागले. मग बाबांनी नारळ उचलला. दोन्ही हातांत धरून पंखाभोवती ओवाळायला लागले. पहिला फेरा, दुसरा फेरा. माझ्या लक्षात आलं तेव्हा तिसरा चालू झाला होता, आणि ज्या बाजूचा डोळा अजून केलेला नव्हता त्याच बाजूला पंखाचं टोक होतं.

आवाज अगदी बारका आला. आरतीच्या गोंगाटात कोणाचंही लक्ष गेलं नाही. पण माझी नोकरीच त्या आवाजाची. बाबांचा हात क्षणभर थांबला, मग त्यांनी फेरा पुरा केला, सरळ दाराबाहेर गेले आणि दगडावर नारळ असा फोडला की दोन वाट्या बरोबर सारख्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेठ म्हणाले, एवढा शुभ शकुन ह्या शेडनं पाहिला नाही. बाबांनी टोपीवरची जाळी काढून नीट घडी घातली आणि खिशात ठेवली.

मंडळी फाफड्यावर तुटून पडल्यावर मी आत गेले. पंखावर काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मी नाणं काढलं आणि वाजवत टोकाकडे निघाले. टण, टण, टण. आणि मग तळहाताएवढ्या जागेत भद. मी तीनदा वाजवलं. मग मशीन लावलं. मशीनही तेच म्हणालं. पंख थांबवावा लागणार याचं मला दुःख नव्हतं, ते माझं रोजचं काम आहे. पण बाहेर मांडवात बाबा शेठच्या शेजारी बसून, आयुष्यात पहिल्यांदा विमान पाहिलेला माणूस जसा दिसतो तसे दिसत होते.

शेठना बाजूला घेऊन सांगितलं. त्यांच्या हातातली जलेबी तशीच राहिली. आधी म्हणाले, दादाए तो आशीर्वाद आप्या छे, बेन, नाळियेरथी विमान तूटे? मी म्हटलं, शेठ, आत चला, तुम्हीच वाजवा. त्यांनी वाजवलं. पुन्हा एकदा वाजवून पाहिलं आणि मग मला म्हणाले, लखी नाखो, लिहून टाका. तेवढ्यासाठी मी शेठना जन्मभर मानीन. पण त्यांनी एक अट घातली, आणि ती माझ्याही मनात होतीच. दादांना कळता कामा नये.

मी सैन्याकडे अहवाल पाठवला. धक्क्याचं कारण: पूजेच्या वेळी नारळ. तिकडचे तपासणी अधिकारी सैन्यातले, दक्षिणेकडचे, अतिशय सज्जन आणि अतिशय काटेकोर. त्यांनी उलट विचारलं की नारळाचं वजन किती, वेग किती, सोललेला होता की शेंडीसकट. दसऱ्याचा नारळ तर प्रसादात वाटला गेला होता. मग आम्ही बाजारातून नारळ आणले आणि टाकाऊ तुकड्यावर वेगवेगळ्या उंचीवरून टाकून पाहायला लागलो. शेडची रया गेली. एक जण टाकतोय, एक जण मोजतोय, एक जण फुटलेले गोळा करतोय. शेंडी असली तर धक्का कमी बसतो हे आता जगात बहुधा फक्त आम्हाला ठाऊक आहे. अधिकाऱ्यांनी लिहून पाठवलं की माहिती उपयुक्त आहे.

फुटलेल्या नारळांचं खोबरं टाकवेना. मी घरी आणून वड्या केल्या. दिवाळी तोंडावर होती, त्यामुळे निमित्तही होतं. चार दिवसांनी पुन्हा वड्या, मग करंज्यांत खोबरं, मग भाजीत खोबरं. बाबांनी एकदा विचारलं, आपण कोकणात राहायला गेलो का? मी म्हटलं, शेठनी दिवाळीचं म्हणून दिलंय.

पंखाची दुरुस्ती चालली होती. दुखावलेले थर पायरीपायरीनं घासून काढायचे, त्याच मापाची नवीन कापडं बसवायची, पुन्हा हवा ओढायची, पुन्हा भाजायचं. घाई चालत नाही. आणि बाबा रोज संध्याकाळी मी चप्पल काढायच्या आत विचारायचे, गेला का पंख?

मी म्हणायचे, रंगाचा हात राहिलाय. दुसऱ्या दिवशी, कागद यायचेत. तिसऱ्या दिवशी, ट्रक नाही. चौथ्या दिवशी माझ्याकडची कारणं संपली आणि मी चिडले. काय तेच तेच विचारता, म्हटलं. पण पुढच्या दिवशी पुन्हा, गेला का? नवऱ्याचं म्हणणं असं की म्हाताऱ्या माणसाच्या आनंदाची गोष्ट आहे, आपल्या हातची पूजा झालेला पंख उडाला की ते निर्धास्त होतील. कशाला रोज टांगून ठेवायचं? धनत्रयोदशीला बाबांनी विचारलं तेव्हा मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, गेला की, आज सकाळीच ट्रकमध्ये चढवला. वर ट्रकचं वर्णनही केलं, ताडपत्रीसकट. रेल्वेतल्या माणसाला माल रवाना करायची दांडगी हौस.

बाबा म्हणाले, बरं. आणि गॅलरीत जाऊन बसले.

त्या दिवसापासून त्यांनी ताट मागे सारायला सुरुवात केली. चकली नको, घशाला टोचते. चिवडा नको, तिखट आहे. वड्या तर बघायलाही तयार नाहीत. आम्ही हिंगाष्टक दिलं, डॉक्टरांना फोन केला, शेजारच्या बेननी ओवा पाठवला. मला वाटलं, पंख गेला म्हणून त्यांना चुकल्यासारखं होतंय. लग्न आटोपल्यावर मुलीच्या बापाला होतं तसं. मी त्यांना म्हटलंसुद्धा की पुढचा पंख आला की पुन्हा दाखवीन. ते म्हणाले, नको. वरून विमान गेलं तर आता विचारतही नव्हते. घरघर ऐकू आली की उठून आत येत.

आमचा पाडवा आणि गुजराती लोकांचं नवं वर्ष एकाच दिवशी. सकाळी शेठ साल मुबारक करायला येणार हे ठरलेलं. आदल्या दिवशी मी त्यांना फोन करून बजावलं की बाबांना आम्ही पंख गेला असं सांगितलंय, तुम्हीही तेच सांगा. खरं म्हणजे पंख दुरुस्त होऊन, सोनोग्राफी पास होऊन शेडमध्येच पडून होता. लाभपंचमीला शेड उघडल्याशिवाय तो कुठेही जाणार नव्हता.

शेठ आले, बाबांच्या पाया पडले, सोफ्यावर बसले. शेठ धंद्यात हुशार असले तरी नाटकात शून्य. कोणी काही विचारायच्या आतच म्हणाले, "दादा, पांख तो गई. क्यारनी गई. मस्त गई." केव्हाच गेला म्हणे. आणि माझ्याकडे बघून घाम पुसला.

बाबा खुर्चीतून उठले. शेठ त्यांच्यापेक्षा कितीतरी लहान, तरी त्यांच्यासमोर ते हात जोडून उभे राहिले. "साहेब, ए पांख पाछी मंगावो," ते गुजरातीत म्हणाले. "एने मारुं नाळियेर वाग्युं छे." तो पंख परत मागवा, त्याला माझा नारळ लागलाय.

नवरा फराळाचं ताट घेऊन दारातच थांबला. बाबा माझ्याकडे वळले आणि मराठीत बोलायला लागले, हळूहळू, शब्द निवडून, वर्गात बोलायचे तसे. "त्या दिवशी आवाज मी ऐकला होता. तुझाही चेहरा पाहिला. मला वाटलं, हिनं ऐकलंय, ही थांबवेल. रोज विचारत होतो, गेला का, गेला का. तू नाही म्हणायचीस तेव्हा मला झोप लागायची." मग म्हणाले, "मीच तेव्हा बोलायला हवं होतं. सगळे टाळ्या वाजवत होते, माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. पण माझी लाज राखायला म्हणून तू तो पंख जाऊ दिलास, हे मला सहन होत नाही. डाव्या अंगाला पोर बसतं तिथे. कोणाचं तरी शिकणारं पोर."

माझ्या तोंडून सगळं एकदम बाहेर पडलं. त्याच दिवशी नाण्यानं वाजवून पाहिलं होतं, त्याच दिवशी पंख थांबवला होता, अहवालात नारळ लिहिलाय, थर काढून नवीन घातलेत, पंख अजून शेडमध्ये कुलपात आहे, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून सांगितलं नाही. शेठ मध्ये मध्ये मान डोलावत, साची वात, खरं आहे, साची वात, असं म्हणत होते. बाबा ऐकत राहिले. त्यांनी एकदा जावयाकडे पाहिलं. जावई ताटाकडे बघायला लागला.

"आणि ताडपत्री?" बाबांनी त्याला विचारलं. तो म्हणाला, नव्हती. ट्रकच नव्हता.

बाबा पुन्हा खुर्चीत बसले. मला म्हणाले, "म्हणजे खोटं तू माझ्याशी बोललीस. पंखाच्या बाबतीत नाही."

"नाही, बाबा."

"मग चालेल," ते म्हणाले. मग त्यांच्यातला मास्तर जागा झाला. तुमच्या दारात बोर्ड आहे ना, लागलं तर सांगा, कोणी रागावणार नाही म्हणून? तसा एक घरातही लाव, म्हणाले, मराठीतून, आणि जावयाला दिसेल असा. शेठना इतकं हसू आलं की चहा सांडला. बाबा मात्र हसले नाहीत. घाम पुसावा तसं त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. डोळे पुसत होते हे त्यांना दाखवायचं नव्हतं, म्हणून आम्ही सगळ्यांनीच ते न पाहिल्यासारखं केलं.

मग म्हणाले, एवढ्या वड्या होतात कुठून ते आत्ता कळलं. किती नारळ फोडलेत माझ्या एका नारळापायी? मी आकडा सांगितला नाही. ते म्हणाले, आण, आता खातो.

मी स्वयंपाकघरात गेले आणि डबा हातात घेऊन रडले. एवढे दिवस ते त्या गॅलरीत कुठल्या भीतीनं बसले होते, आणि आम्ही त्यांना ओवा चारत होतो. पदर ओला झाला, डबा तसाच बंद राहिला. बाहेरून बाबांची हाक आली, पहिल्यासारखी खणखणीत.

"अगं, वड्या आणतेस की तपासतेस?"